हात न पोचलेली कळी

त्या दमट आठवड्यात मी दोन माणसांशी कडाडून भांडले, आणि पहिल्यांदा भांडले ती नेमकी चुकीच्या माणसाशी. दुसऱ्या भांडणात मात्र माझं एक अक्षर चुकलं नाही. तो राग अजून पुरता उतरलेला नाही आणि उतरवायची मला घाईही नाही.

आमच्या मोरीच्या दारापासून शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत जमिनीचा एक पट्टा आहे. एक खाट आडवी टाकली तर वळसा घालायला जागा उरणार नाही, एवढाच. मी या घरात आले तेव्हा तिथे फुटक्या विटा आणि बूड गेलेल्या बादल्या पडलेल्या असत. त्या मी उचलल्या, माती आणून कालवली, भाजीच्या देठांचं आणि चहाच्या चोथ्याचं खत केलं, आणि चुकत चुकत शिकले. शिकवायला कुणी नव्हतं. मेलेल्या रोपांनीच काय ते शिकवलं. घरात पडद्याच्या रंगापासून भाजीतल्या मिठापर्यंत प्रत्येकाला मत असतं. त्या पट्ट्यात माझ्याखेरीज कुणाला मत नव्हतं. चिखल म्हणून कुणी तिकडे फिरकतच नसे. त्या चिखलाचे माझ्यावर उपकार आहेत.

उकाडा आणि पाऊस एकदम आले की भाजी सांभाळणं म्हणजे आजारी माणसाचं करणं. सगळं वाढतं आणि सगळंच सडतं. काल बोटभर दिसलेली चवळी आज हातभर होते आणि परवा तिच्या शेंगांवर बुरशी येते. मातीला टेकलेलं पान तोडायचं, फळाखाली फुटकं कौल सरकवायचं, आळ्यात तुंबलेल्या पाण्याला बोटाने वाट करून द्यायची, प्रत्येक पान उलटं करून बघायचं. गोगलगाई उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या आणि टाकताना त्यांची माफी वगैरे मागत बसायचं नाही. घरात मिठाची बरणी पाझरते, काड्यापेटीची काडी ओढली की गुल जागच्या जागी विरघळतो, कपाटातल्या बुटांना पांढऱ्या मिशा फुटतात. अशा हवेत माणसाचं डोकंही लवकर तापतं आणि लवकर निवत नाही.

यंदा माझा सगळा जीव एकाच वेलावर टांगलेला होता. ताईच्या भोपळ्याचा वेल.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या अंगणात एक लहानसा, गडद हिरवा, खोल फाकांचा भोपळा व्हायचा. गर इतका घट्ट की सुरी अडकून बसावी. ताईची माझ्यावर माया होती, पण बियांच्या बाबतीत ती पक्की चिकट. मला फोड द्यायची ती बिया खरवडून. विचारलं की म्हणायची, तुझ्याकडे मरेल. मागच्या हिवाळ्यात ती स्वतःच गेली. भाची तिचं कपाट रिकामं करत होती तेव्हा औषधाच्या एका बाटलीत मला त्या बिया दिसल्या, आणि कुणाला न विचारता मी बाटली पर्समध्ये टाकली. बहुतेक बिया पोकळ निघाल्या. रुजल्या त्या दोन. त्यातलं एक रोप गोगलगाईने मुळाशी कापलं. उरला हा एक वेल. याला यंदा फळ धरलं नाही तर ताईचा भोपळा संपला, आणि तिचं ते म्हणणंही खरं ठरलं. मेलेल्या बहिणीला उलट उत्तर द्यायचं होतं, आणि ते भोपळ्यानेच देता आलं असतं.

आता आमचे हे. हे एका मोठ्या कंपनीत होते. काम काय, तर जास्तीचं शोधायचं. कुठल्याही शाखेत जायचं, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं, कोण काय करतंय ते बघायचं, आणि ज्याच्या हातून काही निघताना दिसत नाही तो माणूस कमी करा असं वर कळवायचं. वर्षानुवर्षं हेच केलं. मग एके दिवशी कंपनीच्या लक्षात आलं की हे खातंच जास्तीचं आहे. त्यांना एक पुष्पगुच्छ दिला आणि घरी पाठवलं.

घरी आले ते ती खुर्ची सोबत घेऊनच आल्यासारखे. पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, आपल्याकडे एवढ्या पळ्या कशाला. मग पायपुसण्यांवर आले. मग माझ्या डब्यांच्या झाकणांवर. मी सोडून देत गेले. माणूस एकदम रिकामा झाला की हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही, एवढं मला समजत होतं. सकाळी मी लाँड्रीच्या काउंटरवर असते, दुपारपर्यंत घर त्यांचंच. मागच्या पट्ट्याची मात्र मला काळजी नव्हती. यांच्या चपला कायम मोरीच्या दाराशी, ओळीत, कोरड्या ठणठणीत.

भोपळ्याच्या वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. नरफूल लांब दांड्यावर, ताठ, मागे काही नाही. मादीफुलाच्या मागे सुपारीएवढा भोपळा आधीच बसलेला असतो. सुरुवातीला बरेच दिवस नुसती नरफुलं येतात. सकाळी पिवळीधमक उघडतात, ऊन वर येईतो मिटतात आणि गळतात. मग मादीफुलं. नरफुलातला पराग मिळाला तर भोपळा धरतो, नाही तर ती सुपारी पिवळी पडून कुजते. एरवी हे काम मधमाश्या करतात. पावसात त्या येत नाहीत, आणि पराग भिजला की त्याचा चिखल होतो. म्हणून आदल्या संध्याकाळी उमलायला आलेल्या नरकळीचं तोंड दोऱ्याने बांधून ठेवायचं, आणि उजाडताच ते फूल खुडून, पाकळ्या काढून, आतला दांडा मादीफुलात फिरवायचा.

पहिली मादीकळी दिसली तशी मी दोरा घेऊन नरकळी शोधायला लागले. एकसुद्धा नाही. आधी नरफुलं ढिगाने येत होती, आणि आता नुसते दांडे उभे, वर काही नाही. गोगलगाय कुरतडते तेव्हा कड फाटकी राहते. हे तर नखाने खुडल्यासारखं साफ होतं. पहिली सुपारी पिवळी पडली. दुसरी मादीकळी आली तेव्हाही तेच. तीही माझ्या हातात गळून आली, मऊ, चिकट, सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखी ओली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

वेल भिंतीवर चढून पलीकडे उतरला होता. पलीकडे घड्याळवहिनी राहतात. त्यांचे मिस्टर घरातच घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून आळीत त्यांचं हे नाव. त्या मागे कधीतरी बोलता बोलता म्हणाल्या होत्या की भोपळ्याची फुलं खातात काही लोक. मला तेवढं पुरलं. त्या कपडे वाळत घालत होत्या, म्हणजे न वाळणारे कपडे या दोरीवरून त्या दोरीवर घालत होत्या. मी भिंतीवरून सगळं बोलून घेतलं. फुलं हवी होती तर मागायची होती, शेजारी राहून असं करतात का, माझ्या बहिणीची आठवण आहे ती, असं काय काय. त्यांनी उशीचा अभ्रा पूर्ण पिळला, झटकला, दोरीवर टाकला आणि मग म्हणाल्या, "माझे हात एवढे रिकामे नाहीत, की तुमची फुलं खुडत बसू."

त्यांनी नेलेलं माझं मोठं पातेलं संध्याकाळी उंबऱ्याशी येऊन पडलं. लख्ख घासलेलं. इतकी वर्षं ते पातेलं दोन्ही घरांत मिळून राहत होतं. कुणाकडे आहे ते कुणी विचारत नसे.

मी भांडत होते तेव्हा हे आतल्या खोलीत खिडकीशी बसलेले. भांडण सगळं ऐकलं. चहा पिताना मला म्हणाले, शेजाऱ्यांशी जरा तोंड सांभाळून बोलत जा.

दोन दिवसांनी लाँड्रीतला ड्रायर बंद पडला. ओल्या चादरींचे डोंगर झाले, मालक कपाळाला हात लावून बसला आणि मला म्हणाला, आज घरी जा. मी भर सकाळी घरी आले. मोरीच्या दाराशी यांच्या चपला. ओळीत, कोरड्या. आणि हे पट्ट्यात, अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हातात छत्री धरून वेलावर ओणवे झालेले. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या नखाने टच्च करून कळी खुडायची आणि माझ्या भाजी निवडायच्या भांड्यात टाकायची. एक खुडली. दुसरी खुडली. त्या चपला एवढ्या कोरड्या का असायच्या, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मला बघून त्यांचा चेहरा खुलला. तेच जास्त लागलं. शाबासकीची वाट बघत होते. महिनाभर खिडकीतून बघितलं म्हणाले, बारकाईने बघितलं. दोन प्रकार आहेत. एकाच्या मागे फळ असतं, दुसऱ्याच्या मागे काही नसतं, ती नुसती उघडतात, रस खातात आणि पडतात.

"ही फुकटी आहेत," ते म्हणाले. "मी ही काढायला लागलो आणि आठवड्याच्या आत फळाची आली की नाही? तूच बघ."

मी भांडं उचललं. हिरव्या कळ्यांनी निम्मं भरलं होतं. रोज असं भरत असणार, आणि रोज ते धुऊन पुसून जागच्या जागी ठेवत असणार, कारण त्या बाबतीत माणूस व्यवस्थित. मी विचारलं, मी घड्याळवहिनींना बोलत होते तेव्हा तुम्ही काय समजलात. ते म्हणाले, फळाची फुलं चोरीला गेली असं समजलो. ही कोण कशाला चोरेल.

एवढं ते अगदी खरं बोलत होते. खोटं बोलले असते तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, तरी आवाज खालीच राहिला. राग फार आला की माझा आवाज खाली जातो. मी त्यांना ते सगळं सांगितलं: नर, मादी, पराग, मधमाश्या, ताईची बाटली, गळून पडलेल्या त्या दोन सुपाऱ्या. ते ऐकत होते आणि भांड्याकडे बघत होते.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत. मागे काही दिसत नाही म्हणजे फुकट, हे तुम्ही ठरवलंत. इतकी वर्षं खुर्ची टाकून हेच ठरवलंत. अशी किती माणसं खुडलीत, अहो?" आणि तिथे थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही. "तुम्हाला घरी पाठवलं तेव्हा मी एकदा तरी म्हटलं का, की यांच्यामागे आता काही दिसत नाही?"

छत्री त्यांच्या हातात तिरकी झाली. पाणी त्यांच्या कॉलरमध्ये गेलं, ते हलले नाहीत. मी भांडं तिथेच ठेवून आत गेले.

मग घरात अबोला. आमच्याकडे अबोला म्हणजे भांड्यांनी बोलायचं. मी ताट ठेवायची ते जरा उंचावरून. ते जेवून स्वतःचं ताट स्वतः घासायला लागले, आणि ते इतकं वाईट घासायचे की मला पुन्हा घासावं लागायचं, म्हणून आणखी राग. लाँड्रीत मी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या चादरी दिल्या. घरी आले की वेलाकडे जायची आणि रडकुंडीला यायची. पानांवर भुरी पडली होती, पिठात लोळून आल्यासारखी पानं. मी रोज खालची पानं काढत होते आणि रोज भुरी वर चढत होती. वेलाचे दिवस भरत आले होते. शेंड्याकडे एकच मादीकळी उरली होती. नरकळ्या फुटत होत्या, पण मुगाएवढ्या. त्या मोठ्या होईपर्यंत ही मादीकळी उमलून गळून गेली असती, आणि तिच्यामागे वेलही.

अशात एके दिवशी जेवताना हे पहिल्यांदा बोलले. ताटाकडेच बघत विचारलं, दुसरीकडून एखादं नरफूल आणलं तर चालेल का. मी म्हटलं, भोपळा धरेल, पण बी भेसळीचं होईल. ताईचा भोपळा राहणार नाही. याच वेलाचं फूल हवं. ते बराच वेळ घास चिवडत बसले.

"एक आहे," ते म्हणाले. "पलीकडे, भिंतीच्या खाली. मोठी झालीये. मला दिसत होती, पण हात पोचला नाही."

मी हातातला घास ताटात ठेवला. ज्या वेलाकडे मी दिवसातून दोनदा जात होते त्याची कळी न् कळी मला ठाऊक नव्हती, ती यांना पाठ होती. खुडण्यासाठी पाठ केली होती, तरी पाठ होती. यावर राग धरावा की काय करावं ते मला कळेना, म्हणून धरला.

कळी पलीकडे, म्हणजे घड्याळवहिनींच्या अंगणात. ज्यांना मी चोर ठरवलं त्यांच्या दारात आता मलाच जायचं होतं. मी मोठं पातेलं घेतलं. रिकामं. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतभर घड्याळं आहेत, प्रत्येकात वेगळी वेळ, आणि सगळी एकदम टिकटिकत असतात. तिथे उभं राहिलं की आपण सगळीकडेच उशिरा पोचलोय असं वाटतं. मिस्टर डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. शहाणा माणूस.

वहिनींनी मला बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं, की फुलं तुम्ही नेली नव्हतीत, आमच्याच यांनी खुडली, फुकटी समजून. मी तुम्हाला नको ते बोलले. चुकलं माझं. आणि मग, लाज गुंडाळून ठेवून, त्या कळीचं सांगितलं.

वहिनी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, म्हणजे चोर तुमच्या घरातच जेवत होता, आणि पाहुणचार माझा केलात. मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, आणि आता तीच फुलं माझ्या हाताने खुडून हवी आहेत. मी म्हटलं, हो. भिंगामागून मिस्टर खोकले. ते हसणं होतं हे तिघांनाही कळलं.

"साहेबांना पाठवा," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी मला तोंडाने सांगायचं. मग बघू."

हे गेले. काय बोलले ते मला आजतागायत ठाऊक नाही. बराच वेळ लागला. परत आले तेव्हा कान लाल होते आणि हातात घड्याळजींचा एक बारीक ब्रश होता, मऊ केसांचा. पातेलं वहिनींनी ठेवून घेतलं होतं.

संध्याकाळी वहिनींनी पलीकडच्या कळीचं तोंड शिलाईच्या दोऱ्याने बांधलं, मी अलीकडच्या मादीकळीचं. दुसऱ्या दिवशी उजाडलं ते पावसातच. मी यांना छत्री घेऊन मादीफुलावर धरायला उभं केलं. स्वतःवर धरायची नाही, फुलावर. पलीकडून वहिनींचा आवाज आला, "खुडू का? पुन्हा चोर नाही ना म्हणणार?"

"खुडा, वहिनी," मी म्हटलं.

भिंतीवरून एक हात वर आला. त्यात लांब दांड्याचं ते फूल, वर पंजाचा आडोसा केलेला. मी पाकळ्या काढल्या. आतला दांडा कोरडा होता, बोटाला पिवळी पूड लागली. मादीफुलाचा दोरा सोडला, दांडा आत टेकवून हलकेच फिरवला, उरलेली पूड ब्रशने लावली, आणि फूल पुन्हा बांधून टाकलं. यांच्या छत्रीच्या काडीवरून माझ्या मानेवर पाणी गळत होतं आणि मी काही बोलले नाही, कारण फूल कोरडं होतं.

"किती वेळ धरायची?" यांनी विचारलं.

"मी सांगेन."

मी आत गेले. चहा केला. आधी स्वतःचा प्यायले, बसून, सावकाश. खिडकीतून दिसत होतं: अनवाणी, पँट दुमडलेली, शर्ट पाठीला चिकटलेला, हात लांब करून छत्री धरलेली. त्या बाजूने वहिनी काहीतरी बोलत होत्या आणि हे मान डोलावत होते. बराच वेळ ते मला बघायला बरं वाटलं. मग त्यांचा चहा बाहेर नेऊन दिला. तो तोवर कोमट झाला होता. त्यांनी तो तक्रार न करता प्यायला.

सुपारी पिवळी पडली नाही. हिरवी राहिली, मग लिंबाएवढी झाली, आणि एके सकाळी बघितलं तर तिचा देठ जाड होऊन खाली वळला होता. धरला की देठ असा वळतो. मी फुटकं कौल शोधून त्याखाली सरकवलं. मनात ताईला म्हटलं, बघ. बाकी बरंच म्हणायचं होतं, ते राहू दिलं.

आणि आता, आता काय, वेलावर नरफुलांचा नुसता पाऊस. मादीकळी एकही नाही, पानं निम्मी पांढरी, आणि रोज सकाळी ही पिवळीधमक फुलं उघडतात आणि गळतात. हे मोरीच्या दाराशी येऊन उभे राहतात. एक हात दुसऱ्या हाताने पाठीमागे घट्ट धरलेला, सुटून पळेल असा.

काल त्यांनी विचारलं, "आता यांचा तर खरंच काही उपयोग नाही. यांचं काय करायचं?"

मी गोगलगाय उचलत होते. म्हटलं, "काही नाही करायचं. असू द्यायची."

मग त्यांनी घरातून खुर्ची आणली आणि दाराशी टाकून बसले. मी बोलणार होते. पण खुर्चीचे पाय चिखलात रुतायला लागले होते आणि चपला या वेळी पायात होत्या, दोन्ही चिखलाने भरलेल्या. मी त्यांच्याकडे मिठाच्या पाण्याचं भांडं दिलं आणि म्हटलं, नुसतं बसायचं तर हे तरी धरा.